पाच पेले, एक नाक

माझ्या बोलण्यातलं निम्मं खरं धरावं आणि उरलेल्या निम्म्यातलंही निम्मं सोडून द्यावं, असं माझी बायको पाहुण्यांच्या हाती पाण्याचा तांब्या देतानाच सांगून ठेवते. तिचं चूक नाही. मी शेतकरी माणूस, पण उन्हाळ्याच्या तोंडावर शंकरपट भरले की माईक माझ्या हातात असतो. बैलजोडी धावणार डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि लोकांना ती वर्षभर आठवायला हवी असते. मग मधलं अंतर माझ्या जिभेनं भरायचं. जमिनीला खूर न लावता गेलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत. एका पटात जोडी अशी सुटली, की ती हाकणारा धुरकरी त्या दिवशी पोचला आणि त्याची टोपी दुसऱ्या दिवशी. अशा माणसाचं लिहिणं कितपत मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या रविवारच्या दुपारी आमच्या मागच्या छपरीत जे झालं, त्यात मी वाढवलेत ते फक्त पेल्यांतले वास. माणसं होती तेवढीच आहेत.

माणसं चारच. मी, माझी बायको, आमचे जावईबापू आणि माझा दोस्त, नाल्यापलीकडच्या तांड्यातला आचारी. नावं लिहीत नाही. चौघंही जिवंत आहेत आणि त्यातल्या एकीच्या हातचं मला रोज दोनदा जेवायचं असतं.

जावईबापू पुण्याला कॉम्प्युटरवर कसलंसं काम करतात आणि त्यापायी वर्षातून एकदोनदा परदेशात जाऊन येतात. त्यांना नाद एकच. व्हिस्की. पिण्याचा नव्हे बरं का, चाखण्याचा. लेक सांगते, पुण्यात महिन्यातून एका रविवारी पाचसहा मित्र घरी जमतात, समोर चारपाच बाटल्या ठेवतात, आणि थेंबथेंब घेऊन ‘हिला लाकडाचा वास’, ‘हिला सुक्या अंजिराचा’ असं वहीत लिहीत बसतात. दोन तासांत एकूण पिणं होतं ते आमच्या गावात माणूस चप्पल काढायच्या आत संपवतो. मला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं, मग हेवा वाटला. मी माणसांना बैलांबद्दल सांगतो, हे लोक बाटलीबद्दल सांगतात. धंदा एकच.

तर यंदा सोयाबीन घरात आलं, तुरीला शेंगा धरल्या, आणि लेक-जावई आठ दिवसांसाठी आले. जावयाच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या हाती दिल्या नाहीत. आमच्याकडे जावई सासऱ्यासमोर पान खातानाही तोंड फिरवतो. बाटली देणं म्हणजे जग बुडालं. त्यांनी त्या माझ्या बायकोकडे दिल्या आणि खाली मान घालून म्हणाले, “मामी, हे मामाजींच्या खोकल्यासाठी.”

मला खोकला नव्हता. त्या संध्याकाळपासून लागला.

तीन दिवस मी खोकलो, तेव्हा बायकोनं परवानगी दिली. अटी घालून. रविवारी दुपारी, मागच्या छपरीत, पोटभर जेवण झाल्यावर. एका पेल्यात बाटलीची दोन झाकणं, वर थेंब नाही. आणि ओतणार ती स्वतः. मी म्हटलं, “असंच असते थे! जावई करतात तसंच. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा, आणि कोणत्या पेल्यात काय हाय थे चाखणाऱ्याले माहीत नसते.”

“मले माहीत राहीन ना?”

“फक्त तुले.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली. त्या ‘ठीक हाय’मध्ये काय काय होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

चाखायला मी एकटा कसा बसणार? जावई बसू शकत नव्हते. मग अशा कामाला आख्ख्या महागाव तालुक्यात एकच माणूस. आचारी.

त्याचं काय सांगू. गावचे, तांड्याचे, आसपासच्या पाच खेड्यांचे पंक्तीचे स्वयंपाक तोच करतो, आणि पंक्तीच्या स्वयंपाकात एक मेख आहे, जी घरच्या बायकांना नसते. देवापुढचा स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावता येत नाही. चारशे माणसांचं वरण, गंजभर वांग्याची भाजी, आणि आचाऱ्यानं चमचाभरही चाखायचं नाही. मग कळणार कसं? नाकानं. गंजावरचं झाकण उचलून तो वाफेत तोंड घालायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, “तिखट दोन मुठी अजून.” रोडग्यांचं तर सगळंच नाकावर. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या धगधगत्या ढिगात, जगऱ्यात, पुरायचे. ते आत भाजलेत की कच्चे, हे दिसत नाही, चाचपता येत नाही. राखेतून गव्हाचा खरपूस वास वर आला की काढायचे. दोन मिनिटं आधी काढले तर पीठ, दोन मिनिटं उशिरा तर कोळसा.

या नाकाच्या गोष्टी मीच गावोगाव नेल्या. घाटंजीच्या एका लग्नात तो मांडवाबाहेर मोटारसायकलवरून उतरत होता. स्वयंपाक दुसऱ्याचा, हा पाहुणा. एक पाय अजून गाडीवरच, आणि म्हणाला, “जिरं जळालं.” आत खरंच जळालं होतं. हे मी सांगताना पुढे मोटारसायकल धावती केली आणि नंतर मांडव एक कोस लांब नेला. त्यालाही ते आवडायचं. म्हणायचा, “भाऊ, तुम्ही माह्या नाकाले एवढं लांब केलं, का आता दारातून आडवं होऊन जा लागते.”

आणि येत्या शनिवारी गावाचे मारोतीपुढे रोडगे होते. दरवर्षीचे. आचारी अर्थात तोच.

रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली आणि तो आला. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. छपरीत सतरंजी टाकली होती. छपरीला मधल्या खोलीची एक खिडकी आहे, तिला पडदा. त्या पडद्यामागे खुर्ची टाकून जावईबापू बसले होते. म्हणजे बसलेले नव्हतेच. ते मोबाईलवर बोलत होते. हा तोडगा त्यांचा स्वतःचा. सासऱ्याला ‘असं प्या, तसं प्या’ सांगणं मर्यादेत बसत नाही, पण आपण पुण्याच्या मित्राशी फोनवर बोलत असलो आणि ते सासऱ्याच्या कानावर पडलं, तर त्याला कोण काय करणार?

“हॅलो,” पडद्यामागून आवाज आला. “हां, बोल. नाही नाही, काचेचेच ग्लास पाहिजेत. रंग दिसला पाहिजे.”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “काचेचे सहा होते. तुमच्या मामाजींनी मागच्या पटाचं वर्णन करता करता हात फिरवला, तवापासून दोन हायेत.”

फोननं लगेच वळण घेतलं. “हॅलो, हां, स्टीलचेही चालतील. उलट बरं. रंग दिसला नाही की नाकावर भिस्त राहते.”

बायको ताट घेऊन आली. त्यात स्टीलचे पेले, प्रत्येकावर छोटी झाकणी, आणि पेल्यांवर कुंकवाची बोटं: एक ठिपका, दोन ठिपके, तीन, चार, पाच. मी मोजले. बाटल्या चार, पेले पाच.

“पाचवा कायचा?”

“कायचा थे तुम्हीच सांगा. चाखणारे तुम्ही ना?”

मला वाटलं, गावच्या दुकानातली आपली नेहमीची तिनं तुलनेसाठी ठेवली असेल. शाबासकी द्यावीशी वाटली. ती मात्र आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

“हॅलो,” पडदा म्हणाला, “पहिल्या फेरीत प्यायचं नाही. नुसतं हुंगायचं. तोंड थोडं उघडं ठेवून. जो जाणकार असेल त्यानं आधी.”

“घे,” मी आचाऱ्याला म्हटलं, आणि माईक नसला तरी माझा आवाज चढला. “मंडळी! एका ठिपक्याचा पेला मैदानात उतरून राह्यला हाय, आणि त्याच्या मागं पाच तालुक्यांत गाजलेलं नाक!”

आचाऱ्यानं झाकणी काढली. पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. बराच वेळ मिटले. “ही,” तो म्हणाला, “मधासारखी हाय. गोड. आगी मोहोळाचा मध, नवा.”

“हॅलो?” फोन जरा चमकला. चार बाटल्यांचे ठिपके बायकोनं त्यांना आधी सांगून ठेवले असावेत. “मध म्हणतोस? नक्की? एक ठिपका... म्हणजे, पहिल्या बाटलीला?”

मी पेला हातात घेतला आणि नाक घातलं. खरं सांगतो, मला पहिल्यांदा पाठीमागे जगरा पेटवलाय की काय असं वाटलं. गोवऱ्यांचा धूर! पावसात ओल्या झालेल्या गोवऱ्या चुलीत घातल्या की डोळ्यांत पाणी आणणारा तोच धूर, त्यात दवाखान्याच्या फरशीचा एक कोपरा. मधाचा मागमूस नाही. पण एवढ्या नाकापुढे माझं नाक काय बोलणार? मी म्हटलं, “मध हाय. धुरी देऊन काढलेला मध. पोयातल्या माशा अजून रागावलेल्या हायेत त्यात.”

पडद्यामागून सुस्कारा ऐकू आला. “हॅलो, असंय, की ती स्कॉटलंडकडची. तिथे दलदलीतला चिखल वाळवून त्याच्या गोवऱ्यांसारख्या विटा करतात, आणि त्याच्या धुरावर धान्य वाळवतात. म्हणून तिला धुराचा वास येतो. सगळ्यात आधी धूरच येतो. कुणालाही.”

चिखलाच्या गोवऱ्या करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. वाटलं, शनिवारी रोडग्यांना बोलवावं. आचाऱ्यानं मात्र मान हलवली आणि दोन ठिपक्यांचा पेला उचलला.

दुसरी जपानची. तिच्याबद्दल तो म्हणाला, “जुनं लाकूड. सागवान.” मला ती अशी वाटली, की वाकून नमस्कार करते, चपला बाहेर काढते आणि मग नाकात शिरते. तिसरी आपल्याच देशातली, दक्षिणेकडची. तिला पिकल्या केळ्याचा आणि गुळाच्या काहिलीचा असा दांडगा वास, की उमरखेडच्या बाजूचं एखादं गुऱ्हाळ कुणी पेल्यात बसवलंय. तिच्याबद्दल तो म्हणाला, “लाकूडच. पण हलकं.” चौथीला म्हणाला, “मोहाचं फूल. पाहाटचं, दव असलेलं.” हे वाक्य इतकं सुंदर होतं, की मी ते तिथल्या तिथे पुढच्या पटासाठी चोरलं. चौथीत मोहाचं काही नव्हतं. सुतारानं रंधा मारल्यावर भुशाला येतो तसा कोरडा वास होता. पण मी म्हटलं, मी कोण? या माणसाला जिऱ्यातला जळका दाणा कोसावरून कळतो. मला जे येत नाही ते त्याला येत असेल. प्रत्येक पेल्याला मी त्याच्या बाजूनं गेलो आणि पडद्यामागचा फोन दरवेळी जरा जास्त गोंधळत गेला.

मग पाच ठिपके.

त्यानं झाकणी काढली तेव्हा माझ्या नाकाशी काहीतरी येऊन गेलं. म्हटलं, शेजारी कढीला फोडणी पडली असेल. आचाऱ्यानं पेला नाकाखाली धरला. दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. आता तर त्याच्या कपाळावर बारीक घाम होता.

“ही सगळ्यात जुनी,” तो हळूच म्हणाला. “बारा वर्षं तरी लाकडात ठेवली असन. हीच एक नंबर.”

मी पेला घेतला, नाक घातलं, आणि माझं डोकं मागे खांबावर आदळलं.

हिंग! दोन झाकणं पाण्यात असा उग्र हिंग कालवलेला, की मेलेला माणूस उठून पोटाची तक्रार करेल. मी जो हसत सुटलो, तो गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारेपर्यंत. “अरे वा रे पठ्ठ्या! आमच्या घरच्यांनी आपल्या दोघांले फसवाले हिंग ठेवला, आणि तू उलटा त्याहिलेच फसवलं! बारा वर्षं लाकडात! जावईबापू, ऐकलं का? हिंगाच्या पाण्याले एक नंबर दिला यानं!”

मी एकटाच हसत होतो. हसणाऱ्याला हे सगळ्यात शेवटी कळतं. फोन बंद पडला होता. बायको चौकटीला टेकलेली होती तशीच होती, आणि तिच्या तोंडावर फसवणाऱ्याचा आनंद नव्हता. आचारी पाच ठिपक्यांकडे बघत होता. तुरीच्या शेतात रानडुकरं शिरल्यावर सकाळी माणूस जसा बांधावर उभा राहून बघतो, तसा.

“कांई कोनी,” तो आपल्या गोर बंजारा बोलीत पुटपुटला. काही नाही, काही नाही. आणि मग आमच्या बोलीत, “वहिनी, तुम्हाले केव्हापासून माहीत हाय?”

“चैत्रापासून,” बायको म्हणाली. “मारोतीच्या पंगतीचं वरण बुडाशी लागलं होतं भाऊजी. गंज उघडला तं पारापर्यंत करपट वास आला. तुम्ही वाफेत तोंड घालून म्हटलं, वा. तवा मले वाटलं, गर्दीत नसन ध्यान. मंग दिवाळीत घरी आले, चिवड्याचं तेल जुनं झालं होतं, माह्यानं तोंडाजवळ नेणं होत नव्हतं. तुम्ही दोन वाट्या खाल्ला.”

“चांगला होता,” तो म्हणाला. त्याला जे ठाऊक होतं ते एवढंच होतं, की कुरकुरीत होता.

मी विचारलं, “कवापासून?”

“कोरोनाचा ताप आलता तवापासून. ताप गेला, खोकला गेला. नाक गेलं थे गेलंच. म्हटलं येईन. डॉक्टर म्हणे येईन. वरीस झालं, दुसरं झालं. आता कायले विचारता.”

“आणि एवढ्या पंक्ती?”

“अंदाजानं. मिठाच्या मुठी मोजतो. फोडणीचा आवाज ऐकतो. मोहरी थांबली का जिरं. रोडग्याले मोबाईलवर घंटी लावतो. पण गोवऱ्या ओल्या निघाल्या तं घंटीले काय समजते, भाऊ?” त्यानं दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. “घरी बायकोले माहीत हाय. बाकी कोणाले नाई. नाकाबिगरचा आचारी म्हणजे बिनबैलाची बंडी. एकदा समजलं का पुढच्या साली दुसऱ्याले बोलावतीन. राग नाई मानणार मी त्याहिचा. पण मंग मी शनवारी बसू कुठं? पंगतीत? पत्रावळ घेऊन?”

ज्या माणसानं जन्मभर वाढलं, तो पंगतीत बसून वाट बघतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला ते बघवेना. हिंगाच्या पेल्याचा राग आला मला बायकोवर. म्हटलं, “तुले असं करायले काय झालं होतं? सरळ विचारायचं.”

“सरळ विचारलं असतं तं भाऊजींनी सरळ नाई म्हटलं असतं,” ती म्हणाली. “पडदा ठेवणाऱ्याले पडदा काढा म्हणून चालते का? आज इथं समजलं, चौघांत. शनवारी चारशेत समजलं असतं.”

तेवढ्यात एक अघटित घडलं. पडदा सरकला, दार उघडलं, आणि जावईबापू मोबाईल न घेता छपरीत आले. सतरंजीच्या टोकाला, माझ्यासमोर, भर दुपारी, चार व्हिस्कीच्या पेल्यांशेजारी बसले. मी मान फिरवली, त्यांनीही फिरवली, पण कुणी उठलं नाही.

“मामाजी,” ते भिंतीकडे बघत म्हणाले, “माझ्या एका मित्राचंही असंच झालं होतं. त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ चारपाच वेगवेगळे वास हुंगायचे. लवंग, लिंबू, असे. हुंगताना तो वास आठवायचा. कधी परत येतो. कधी नाही. महिने लागतात.”

“आणि या?” मी पेल्यांकडे बोट केलं.

“याही चालतील. हुंगायला.”

अशा रीतीनं माझ्या चार बाटल्यांचं औषध झालं. सोमवार ते शुक्रवार आचारी रोज दोनदा येई. छपरीत बसून तो एक ठिपका, दोन ठिपके, तीन, चार असे हुंगे, मग लवंग, लिंबू, आणि वहिनींच्या हातचा तो हिंग. समोर मी. प्यायचं कुणीच नाही, कारण बायकोनं बाटल्यांच्या झाकणांना दोऱ्यानं गाठ मारली होती. आयुष्यात मी अनेक हाल सोसले. गारपीट पाहिली, बोंडअळी पाहिली. पण उघडी व्हिस्की पाच दिवस नाकासमोरून जाताना बघणं हे वेगळंच. शिवाय तोंडाला कुलूप. मी, जो दुसऱ्याच्या बैलाला सर्दी झाली तरी तीन गावांना सांगतो, तो पाच दिवस पारावर बसून फक्त हवापाण्याबद्दल बोललो. लोक घरी येऊन बायकोला विचारायला लागले, भाऊची तब्येत बरी हाय ना?

वास आला का? नाही आला. बुधवारी धुराच्या पेल्याला तो म्हणाला, “काहीतरी टोचते नाकात.” आम्ही तिघंही पुढे वाकलो. मग तो म्हणाला, “नाई. असं वाटलं फक्त.” बस, एवढंच.

शनिवारसाठी आम्ही युक्ती काढली. पहिली युक्ती अशी, की त्याच्याशेजारी मी उभा राहायचं आणि वास आला की कानात सांगायचं. शुक्रवारी घरी चार रोडग्यांवर तालीम केली. मी वास घेतला आणि सांगितलं, “असा खमंग आला हाय, का मारोती देवळातून उठून हात धुऊन बसला!” आचाऱ्यानं रोडगे काढले. आत पीठ. तो म्हणाला, “भाऊ, तुमचं नाक चांगलं हाय. पण थे तुमच्या तोंडातून बाहेर पडते.”

मग नाक बायकोचंच. पण मारोतीपुढचा जगरा पुरुष लावतात; बायका तिथे जात नाहीत, त्या पलीकडे चिंचेखाली वांगी चिरतात. म्हणून ठरलं, ती चिंचेखाली बसेल, आणि वास आला की डोक्यावरचा पदर मागे सारून पुन्हा घेईल. तो तिच्याकडे लक्ष ठेवेल.

शनिवारी शेताकडेच्या मारोतीपुढे आख्खं गाव आणि तांडा जमला होता. वरण झालं, भाजी झाली. जगऱ्यात चारशे माणसांचे रोडगे पुरले. आचारी जगऱ्याजवळ उकिडवा, हातात लांब दांडा, नजर चिंचेकडे. आणि वारा फिरला. धूर होता तो सगळा नाल्याकडे गेला. चिंचेखाली बायकोच्या नाकाला वांग्याच्या देठांखेरीज काही येईना. ती मान उंच करून वास घेत होती, मला दिसत होतं. पदर जागच्या जागी. मोबाईलची घंटी वाजली, पण त्या दिवशी गोवऱ्या दमट होत्या, हे त्याच्या हाताला कळलं होतं. घंटीवर जायचं की थांबायचं? त्याचे ओठ हलत होते. मुठी मोजत असावा, पण मोजायला मुठी नव्हत्या.

तो उठला. दांडा टेकवून उभा राहिला आणि चिंचेकडे तोंड करून, मी माईकवर कधी काढला नाही एवढा आवाज काढला.

“वहिनी, इकडं या. जगऱ्यापाशी. मले वास येत नाई.”

सगळे वळले.

“कोरोनापासून येत नाई,” तो म्हणाला, आता हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. “चैत्रात वरण म्हणूनच लागलं. या लवकर. रोडगे जातीन.”

बायको उठली. मांडीवरची चिरलेली वांगी परातीत टाकली, पदर खोचला आणि पुरुषांच्या मधून चालत जगऱ्यापाशी गेली. एक म्हातारा बोलायच्या बेतात होता, पण त्याच्या म्हातारीनं चिंचेखालून नुसतं पाहिलं आणि त्याचं वाक्य गळ्यातच राहिलं. बायको धुराच्या बाजूला वाकली. आम्ही सगळे, चारशे माणसं, तिच्या नाकाकडे बघत होतो.

“अजून नाई,” ती म्हणाली. थोडा वेळ गेला. “अजून नाई.” मग तिनं हात वर केला. “काढा, भाऊजी.”

त्यानं दांडा घातला आणि रोडगे भराभरा राखेतून वर आले. एक फोडला, आतून वाफ निघाली. नैवेद्य दाखवला. आणि मग त्या म्हाताऱ्यानं धरून ठेवलेलं वाक्य अखेर सोडलंच: “म्हणजे आजपर्यंत आम्ही जे खाल्लं, थे अंदाजानं होतं?”

“हाव, काका.”

“अंदाज लय चांगला हाय बाप्पा तुहा.”

लोक हसले. मला वाटलं, आता मी काहीतरी म्हणावं, चार वाक्यांत त्याला पुन्हा उभं करावं. पण तो उभाच होता, माझी गरज नव्हती.

पंगत बसली. एवढ्या वर्षांत त्यानं वाढताना कधी कुणाला कसं झालं म्हणून विचारलं नव्हतं. त्याला माहीतच असायचं. त्या दिवशी तो तुपाची किटली घेऊन प्रत्येक पत्रावळीपुढे थांबत होता, वाकून तोंडाकडे बघत होता आणि विचारत होता, “कसं झालं, भाऊ? खरं सांगा.” हा प्रश्न कुणालाच सवयीचा नव्हता. जो तो गोंधळून वर बघायचा, एक घास अजून चावायचा, आणि उत्तर म्हणून दुसऱ्या रोडग्यासाठी हात पुढे करायचा.